टोपी आणायला गेलेला नेपाळी

"ते वाक्य काढा. त्याऐवजी 'जी साहब' लिहा," साठे म्हणाले.

मी हिंदी सबटायटल्स करते. पडद्यावर माणूस बोलत असताना खाली ज्या दोन ओळी येतात, त्या माझ्या. मूळची नाशिकची, राहते आखातात, रुमैथियाला. साठे पुण्याचे, अहमदीकडच्या एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीचे एचआर मॅनेजर. कंपनीत डायव्हर्सिटी डे होता. म्हणजे आमच्याकडे किती देशांची माणसं सुखाने नांदतात, ते मुदीरना, मोठ्या साहेबांना, दाखवायचा दिवस. त्यासाठी सोव्हिएत काळातली एक विनोदी फिल्म निवडली होती. निवडणाऱ्याने ती पाहिलेली नव्हती, हे उघड होतं.

फिल्ममध्ये एका कारखान्यात राजधानीहून इन्स्पेक्टर येणार असतो. प्रत्येक प्रांताचा कामगार रांगेत दिसायला हवा. कारखान्यात उझबेक एकच. मग तोच टोप्या बदलून कझाक होतो, ताजिक होतो. इन्स्पेक्टर विचारतो, "कझाक कुठंय?" उझबेक म्हणतो, "टोपी आणायला गेलाय."

"यात काढण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"मध्य आशियातल्या लोकांच्या भावना दुखावतील."

"तुमच्याकडे कोणी आहे तिथलं?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

तेवढ्यात पॅन्ट्री सांभाळणारे बशीरभाई चहा घेऊन आले. रत्नागिरीकडचे, माझ्या ओळखीचे. मी कप घेतला आणि साठ्यांच्या मागच्या पोस्टरकडे नजर गेली. नेपाळच्या चौकटीत टोपी घातलेले बशीरभाई. फिलिपिन्सच्या चौकटीत शर्ट बदललेले बशीरभाई. म्यानमारला चष्मा लावलेले बशीरभाई. इंडियाच्या चौकटीत टाय लावून साठे स्वतः.

"खरे नेपाळी नाहीत का कंपनीत?"

"भरपूर आहेत. साइटवर. फोटोला आणले तर शिफ्ट बुडते."

बाहेर पॅसेजमध्ये बशीरभाईंनी मला गाठलं. "बाय, त्या पोस्टरचा फोटो वॉट्सअ‍ॅपवरनं घरी गेला. पोर विचारते, अब्बा, तुमी नेपाळी कधी झालाव? वीस वर्षं हितं काढली मी. एक फोटो माझ्या नावाचा लावा, एवढं सायबांना सांगा."

मी परत आत गेले, सांगितलं.

"इंडियाची चौकट भरलीय," साठे म्हणाले.

मला राग आला. पण बिल साठेच पास करणार होते, म्हणून तशीच निघाले. घरी येऊन फाइल उघडली, 'जी साहब' टाइप केलं, वाचलं आणि पुसलं. आमच्या कामात एकच नियम मी पाळत आलेय. ज्याचे ओठ हलतात, त्याचंच वाक्य खाली आलं पाहिजे.

डायव्हर्सिटी डेला हॉलमध्ये पुढच्या रांगेत देशांच्या पाट्या लावलेल्या खुर्च्या होत्या. तीन रिकाम्या. बशीरभाई ट्रे घेऊन कडेला उभे. ते वाक्य आलं तसा हॉल खो खो हसला. साठ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच बघत राहिले.

दिवे लागले. मुदीर जुन्या पिढीतले, हिंदी छान समजणारे. रिकाम्या खुर्चीवरची पाटी वाचून त्यांनी विचारलं, "नेपाल किधर है?"

साठे खाली बूट बघत होते.

"टोपी लाने गया है, सर," बशीरभाई म्हणाले.

जो हशा उसळला तो थांबेना. मुदीर हसले नाहीत. हॉलच्या भिंतीवरही लावलेल्या त्याच पोस्टरजवळ गेले, बशीरभाईंच्या तिन्ही चौकटी नीट निरखल्या.

"नाम क्या है तुम्हारा?"

"बशीर, सर. रत्नागिरी. इंडिया."

मुदीर साठ्यांकडे वळले. "इसका नाम लिखो. याल्ला, जल्दी."

त्या कंपनीचं काम मला पुन्हा मिळालं नाही. पण आठवड्याभराने बशीरभाईंनी नव्या पोस्टरचा फोटो पाठवला. इंडियाच्या चौकटीत ते स्वतः, खाली पूर्ण नाव. पोरीला आधीच पाठवला होता म्हणे. मला फार बरं वाटलं.

मग बाकीच्या चौकटी पाहिल्या. शिफ्ट अजूनही बुडवायची नव्हती. नेपाळी टोपी साठ्यांना जरा मोठी होत होती.