शेडमधली गळती

सासूबाईंना घरात मासे चालत नाहीत, म्हणून पनवेलच्या आमच्या जुन्या घरामागे एक पत्र्याची शेड आहे. अट एकच, वास घरात यायचा नाही. त्यामुळे मी दार-खिडकी घट्ट लावून तिथे कालवण करते. पावसाळ्यात वरून पाणी ठिबकायचं, कधी मानेवर, कधी थेट तव्यात. मी कसली गप्प बसते! शेजाऱ्यांची पन्हळ शेडवरच येते, तिच्यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडले. बिचाऱ्यांनी ती दोनदा बदलली, तरी ठिबकणं चालूच.

परवा मासळीवाल्या मावशी बोंबील घेऊन शेडमध्ये आल्या आणि त्यांच्या नाकावर थेंब पडला. त्यांनी बाहेरचं कोरडं अंगण पाहिलं, मग माझं उकळतं पातेलं पाहिलं.

"अगो बाय, पाऊस कुठं हाय? ही तुज्याच कालवणाची वाफ. गार पत्र्याला लागते नि खाली पडते. खिडकी उघड!"

"हळू बोला! खिडकी उघडली तर वास घरात जाईल," मी कुजबुजले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "उघड गं खिडकी. बारा वर्षं येतोच आहे वास. आणि आज कोकम कमी पडलंय."