वाळवीकाकांचं कपाट

गिऱ्हाइकाकडे गेल्यावर वाळवीकाका औषधाचा पंप खाली ठेवत आणि 'पांढरी मुंगी' म्हणणाऱ्याची आधी शिकवणी घेत. "मुंगी नाही हो ती. झुरळाच्या कुळातली. कोट्यवधी वर्षांपूर्वी काही झुरळं लाकडात शिरली, तिथंच संसार थाटला. मुंग्यांमधला नर लग्न लागलं की मरतो. वाळवीचा राजा राणीजवळ जन्मभर राहतो." गिऱ्हाईक घड्याळाकडे बघू लागलं की काका दारांच्या चौकटी ठोकायला घेत. निघताना मात्र बजावत, "कपाटं उघडत जा. ज्याला कुणी हात लावत नाही, तिथं ती हमखास येते."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःच्या घरातलं एक कपाट त्यांनी तीन वर्षं उघडलं नव्हतं. बायकोचं. ती गेल्यावर महिन्याभरानं दार किलकिलं केलं, तर आतून तिचा वास आला, साबणाचा आणि केसांच्या तेलाचा. त्यांनी घाईघाईनं दार लावून टाकलं. सारखं उघडलं तर वास संपेल, ही भीती. औषध मारणं तर दूरच. त्या औषधाच्या वासापायी ती त्यांना आंघोळीशिवाय जवळ येऊ देत नसे.

लेक म्हणायची, "बाबा, एकदा बघा तरी."

"माझ्या घरात वाळवी? तिची काय बिशाद!"

लेकीला सातवा महिना लागला. एका रविवारी ती आली आणि म्हणाली, "आईचा तो निळा सुती झगा द्या. बाळाला त्यात गुंडाळीन."

याला नाही कसं म्हणणार? काका कपाटापाशी गेले आणि सवयीनं बोटाच्या पेरानं दारावर ठोकलं. आवाज पोकळ आला. तीस वर्षं लोकांच्या घरी ऐकलेला आवाज. त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. त्यांनी हात मागे घेतला. शेवटी लेकीनंच दार ओढलं, तर मूठ हातात आली.

आत वरच्या फळीपर्यंत माती. काकांनी त्यात तोंड खुपसून खोल श्वास घेतला. ओल्या मातीचा वास आला, दुसरा कसलाच नाही.

"रोज उघडायला हवं होतं गं," ते म्हणाले आणि कपाटापुढेच खाली बसले.

लेकीनं मातीतून झग्याच्या निळ्या गुंड्या वेचल्या. सात होत्या, सहा सापडल्या. मग डोळे पुसून तिनं कोपऱ्यातला पंप आणून त्यांच्यापुढे ठेवला.

काकांनी तो हातानं बाजूला सारला.

"नको, बाळा," ते म्हणाले. "तिचं जे काही उरलंय, ते आता या वाळवीच्याच पोटात आहे."