तात्पुरता आवाज

पडद्यावरून आईचा आवाज घुमला आणि पिल्लू खुर्चीत खाली सरकली.

पिल्लू हे तिचं घरचं नाव, वय बेचाळीस. वयात येणाऱ्या मुलांच्या फजितीवर ती छोट्या विनोदी अ‍ॅनिमेशन फिल्म करायची. दातांच्या तारा, मधेच चिरकणारा आवाज, रातोरात लांब झालेले हातपाय. टेबलावर आरसा ठेवून ती स्वतःच तोंडं वेडीवाकडी करायची आणि कागदावर उतरवायची. एका सेकंदाला बारा चित्रं. दिवसभर मान मोडून काम केलं की जेमतेम तीन सेकंद हाती लागायचे.

या वेळची गोष्ट तिच्यावरच बेतलेली होती. तेरा वर्षांची, मुरुमांनी बेजार झालेली मुलगी. भर वर्गात दारात तिची आई उभी राहते. बदकासारखी चाल, आणि तोंड उघडलं की पडदाभर नुसतं तोंडच.

ओठांची चित्रं आवाजावर बेतून काढावी लागतात. आईचा आवाज देणारी नटी मोकळी होईपर्यंत तात्पुरतं काम भागावं म्हणून पिल्लूने स्वतःच्या आईपुढे माईक धरला होता. "माईक तपासायचाय गं, एवढं एक वाक्य म्हण." आईने इस्त्री बाजूला ठेवून एका दमात म्हणून टाकलं होतं. पुढे नटीनेही येऊन तेच वाक्य म्हटलं, पण चार महिने रोज आईचाच आवाज ऐकून पिल्लूचे कान इतके सरावले होते, की तो बदलायचा राहिलाय हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

आणि आता पहिल्याच खेळाला दोनशे माणसांच्या सभागृहात, तिसऱ्या रांगेत आईच्या शेजारी बसून ती ऐकत होती:

"पिल्लू! मुरुमांचं मलम घरीच विसरलीस! हनुवटीला लाव, आणि पाठीलाही!"

लोक पोट धरून हसत होते. पडद्यावरची मुलगी पळत जाऊन शाळेच्या संडासात कडी लावून बसली. शाळा सुटली, शाळेतले दिवे मालवले, कडी तशीच. फिल्म संपली.

आई हलली नाही. सभागृहातले दिवे लागले तरी पडद्याकडेच बघत होती. सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर आल्यावर पिल्लूच बोलली.

"आई, उद्याच आवाज बदलते. तू नको म्हणालीस तर फिल्म पुढे महोत्सवांना पाठवतच नाही."

"ती पोर किती वेळ आत होती?"

"शाळा सुटली तरी आतच."

"आणि तू?"

"मीही."

"तू मला ग्रंथालयात होते म्हणालीस! 'आमची पोर पुस्तकातून मान वर काढत नाही' असं शेजारीपाजारी सांगत सुटले मी. तीन तास होतीस तिथे?"

"साडेतीन."

आई पायरीवर मटकन बसली. मग म्हणाली, "माझा आवाज एवढा मोठा आहे?"

"आहे."

"मग इतक्या वर्षांत कुणी बोललं कसं नाही?"

"बाबा बोलायचे. तुझ्या आवाजात तुला ऐकू जायचं नाही."

आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. मग तिचाच हात धरून उठली.

"आवाज राहू दे. बदकही राहू दे, मी चालतेच तशी. पण पोरीला कोंडून ठेवून लोकांना हसवतेस? आधी तिला बाहेर काढ, मग खुशाल कुठे पाठवायची तिथे पाठव."

पिल्लू नऊ दिवस टेबलावरून उठली नाही. नव्या शेवटात कडी निघते. दाराबाहेर मुलीची आई उभी असते, ओठ घट्ट मिटून, मलम पाठीमागे लपवून. मुलगी तिच्याकडे बघते, आणि दोघी घरी चालू लागतात. दोघींचीही चाल बदकाची.

आईने स्टुडिओत येऊन ते दोनदा पाहिलं. मग अचानक असा आवाज केला, की शेजारच्या खोलीतून ध्वनिमुद्रण करणारा माणूस धावत आला.

"अगं, मलमाचं झाकण उघडंच राहिलंय! बसव आधी, सुकेल सगळं!"

पिल्लूने मुकाट्याने पेन्सिल उचलली.