अर्धा मोर

संगमनेरात एका जुन्या कॉम्प्लेक्सच्या जिन्यापाशी माझी मेंदीची पाटी आहे. लग्नसराईत मेंदी काढते, खोटं नाही ते. पण त्या पाटीखालून आठ पायऱ्या उतरलं की माझं खरं काम सुरू होतं. खाली तळघर आहे, तिथं ना पाटी ना बोर्ड. ज्याला टॅटू काढायचा असतो तो ओळखीतून विचारत येतो. लपवायचं कारण म्हणाल तर साधं आहे. बाई माणूस परक्या पुरुषाचा दंड मांडीवर घेऊन बसते, हे वरच्या दुकानदारांना कळलं तर त्यांच्या जिभेला हाड राहणार नाही. माझ्या जिभेलाही नाही, पण रोज उठून भांडायचा मला कंटाळा येतो.

माझा स्वभाव तिखट आहे हे आधीच सांगून टाकते. कॉलेजची पोरं येतात, प्रेमात पडून आठ दिवस झालेले असतात आणि पोरीचं नाव छातीवर पाहिजे म्हणतात. मी त्यांना हाकलून देते. म्हणते, महिन्यानं ये, तोवर टिकलं तर काढते. दहातले आठ परत येत नाहीत. आलेच तर वर्षभरानं, दुसरीकडून काढलेलं नाव झाकायला येतात. झाकण्यात माझा हात बसलाय, नगरपासून लोक त्यासाठी येतात. जुनी शाई फिकट रंगानं झाकत नाही. तिच्यावरून गडदच जावं लागतं आणि एकदा गेलं की खालचं परत मिळत नाही. हे मी गिऱ्हाइकाला तीनदा सांगते, मगच सुई लावते.

चित्र काढायला मला बाबांनी शिकवलं. बाबा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, देवळांच्या भिंती, उसाच्या ट्रॉलीमागचे मोर आणि वाघ, सगळं त्यांच्या हातचं. लहानपणी मी त्यांची शिडी धरून उभी राहायचे. भिंतीवर खडूचा दोरा ताणून ते टणकन सोडायचे, की सरळ रेघ उमटायची. अक्षरं काढायला मी तिथंच शिकले, शाळेत नाही. बाबांचा एकच नियम होता, पाटी अर्धी सोडून शिडीवरून उतरायचं नाही. ऊन असो, ताप असो, मालकाशी वाद झालेला असो. अर्धी पाटी म्हणजे माणसाला अर्धी दाढी करून बाजारात पाठवण्यासारखं, असं ते म्हणायचे. मग फ्लेक्स आले आणि बाबांची शिडी घरामागं भिंतीला टेकली ती कायमची. ते गेले तेव्हा ब्रश धुऊन, सुकवून, डब्यात उभे करून ठेवलेले होते.

मी त्यांच्या उरलेल्या हार्डबोर्डच्या तुकड्यांवर चित्रं काढत राहिले. आईचे हात काढले, दुसरं काय समोर असणार? भाकरी थापणारे, शेंगा फोडणारे, नुसते मांडीवर पडलेले. चित्रावर पोट भरत नाही म्हणून पुण्याला जाऊन सुईचं काम शिकले. आधी दुधी भोपळ्यावर गिरवलं, मग स्वतःच्या मांडीवर. तेव्हा आई म्हणाली होती, एवढं शिकून शेवटी गोंदणारीणच झालीस व्हय. पण म्हणताना हसत होती, कारण तिच्याच डाव्या हातावर गोंदण होतं आणि माझी पहिली अक्षरओळख त्याच्यावरच झाली होती.

बायका नवऱ्याचं नाव गोंदून घेतात. आईच्या हातावर तिच्या भावाचं नाव होतं. माहेर पुणतांब्याचं. तिथल्या जत्रेत एक बाई सुया घेऊन बसायची. ही नऊ-दहा वर्षांची, भाऊ दोन वर्षांनी धाकटा. तिच्या हातावर त्याचं नाव गोंदलं आणि त्याच्या हातावर तिचं. अक्षरं वाकडी, शेवटची दोन तर खाली घसरत गेलेली. इतक्या वर्षांत शाई हिरवट पडली होती. बाबा चिडवायचे, म्हणायचे, आमचं नाव कुठं लिहिलंय ते दाखवा तरी. आई म्हणायची, तुमचं रेशनकार्डावर हाय की.

माझ्या सगळ्या चित्रांत ते नाव आहे. मी ते कधी सरळ करून काढलं नाही.

आजोबा गेले तेव्हा मामानं आईला तालुक्याला नेलं आणि तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावाला सोडून द्यायचा, असा तो कागद. आमच्याकडं सगळ्याच बहिणी करतात. न करणारीला माहेर राहत नाही. आई तर हसत हसत सही करून आली, येताना मामानं घेतलेली पेढ्यांची पुडी घेऊन. मी तेव्हाही बडबडले होते. ती म्हणाली, माझा भाऊ हाय, परका हाय का.

बाबा गेल्यावर मात्र तिला एकदम पुणतांब्याची ओढ लागली. शहरातलं घर, जिना, गाड्यांचा आवाज, काहीच तिला सोसेना. तिनं मामाकडं एकच गोष्ट मागितली. विहिरीपाशी, नदीच्या अंगाला, एका खोलीपुरती जागा. नावावर नको, फक्त राहायला. मामा म्हणाला, पोरांना विचारून सांगतो. ती फोनची वाट बघत बसली. उन्हाळा गेला, गणपती गेले, दसरा गेला. मी म्हणायचे, आई, मागणं सोड, तो देत नाही. ती म्हणायची, इचारतोय म्हनला ना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा तिचा विश्वास.

मग भाऊबीज आली. मामानं एकही भाऊबीज चुकवली नव्हती, तापात फणफणतसुद्धा आला होता एकदा. आईनं सकाळपासून करंज्या तळल्या, पाट मांडला, ताट केलं. चार वाजले, पाच वाजले. मी दोनदा फोन लावला, उचलला नाही. दिवस मावळल्यावर आई ताट घेऊन गच्चीवर गेली. मी मागं गेले. पश्चिमेला दुजेची बारीक कोर होती. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. माझ्या आईनं भाऊ जिवंत असताना चंद्राला ओवाळलं. मला इतका राग आला की मी गच्चीवरून ते ताट खाली फेकलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आठ पायऱ्या उतरून तळघरात आली. याआधी कधी आली नव्हती. खुर्चीत बसली, डावा हात पुढं केला आणि म्हणाली, "हे झाकून टाक."

मी तिला एकदाही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला तीनदा सांगते, पोरांना महिनाभर परत पाठवते आणि आईला साधं 'विचार कर' एवढंही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. मामावरचा माझा राग मला तिच्या हातावर काढायचा होता. मोर काढायचा ठरवलं, बाबा ट्रॉलीवर काढायचे तसला. मान वाकवलेली, पिसारा मनगटाकडं सोडलेला. डोकं आणि मान नावाच्या पहिल्या अक्षरांवर येईल, पिसारा उरलेल्यांवर.

म्हातारी कातडी पातळ असते, सुई फार जपून चालवावी लागते. आईनं हूं की चूं केलं नाही. मान भरली, पंख भरला, पहिली अक्षरं काळ्या-निळ्याखाली गेली. शेवटची दोन, ती घसरलेली, तेवढी राहिली होती. तेव्हा तिनं दुसरा हात माझ्या हातावर ठेवला.

"आता ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

मला वाटलं दुखतंय. पाणी दिलं, पाच मिनिटं थांबले. ती परत म्हणाली की दुखत न्हाई, पन ऱ्हाऊ दे, एवढं असू दे. आणि मी, बाबांची लेक, काय बोलले? म्हणाले, आई, अर्धं काम मी सोडत नाही, लोक बघतील तर काय म्हणतील, हा काय मोर आहे का कोंबडं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तिनं आपला दुसरा हात मांडीवर घेतला. तोंड भिंतीकडं वळवून बसली. मी पिसारा पूर्ण केला. काम इतकं सुरेख झालं होतं की मी फोटोसुद्धा काढला. आईनं हाताकडं पाहिलं, पदर ओढून घेतला आणि पायऱ्या चढून गेली.

त्यानंतर ती हात धुताना डावा हात नुसताच पाण्याखाली धरायची, त्याच्याकडं बघायची नाही. मी बघत होते. विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं.

शिमगा होऊन चार दिवस झाले आणि ती सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, झोपेतच.

बाईच्या अंगावर शेवटचं पातळ माहेरचं पडतं. ते आल्याशिवाय उचलत नाहीत. पुणतांब्याला निरोप गेला. आम्ही अंघोळ घालून बसून राहिलो. दुपारी मामा आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नवं पातळ. त्या चुकलेल्या भाऊबीजेनंतर तो मला पहिल्यांदाच दिसत होता. पार वाळला होता. मी त्याला बोलायला शब्द जमवून ठेवले होते, चांगले धारदार. त्यानं पातळ घातलं, पायाला हात लावला. मग खाली बसला, तिचा डावा हात उचलला आणि उलटा करून पाहिला. मोरावरून त्यानं अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, काही पुसलं जातंय का बघावं तसा.

"हितं मी हुतो ना?" त्यानं विचारलं.

घर बायकांनी भरलेलं होतं. मी पायाशी बसले होते. पातळावरून निघालेल्या वर्तमानपत्राची घडी घालत राहिले.

तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो तळघरात आला. कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. भिंतीवर आईच्या हातांची चित्रं लावलेली आहेत, त्यांच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. त्यांत त्याचं नाव होतं, ते त्यानं वाचलं असणार. मग आई बसली होती त्याच खुर्चीत बसला. म्हणाला, जागेला पोरं तयार होईनात, अक्काला तोंड कसं दाखवू म्हणून भाऊबीजेला आलो नाही. वेशीपर्यंत येऊन परत गेलो. मी ऐकून घेतलं. आतून पेटले होते, पण त्याच्यावर की माझ्यावर ते मला कळत नव्हतं.

त्यानं बाही वर केली. आईचं नाव. तीच बाई, तीच वाकडी अक्षरं, तसाच हिरवट रंग. शेवटी तशीच खाली घसरलेली.

"जत्रंत मी रडत हुतो," तो म्हणाला. "दुखत न्हाई म्हून दावायला तिनं आदी हात पुढं केला. आमी जोडीनं गोंदलंय. आता तिच्यावानी मोर काढ मला."

मी नाही म्हणाले. त्याला तीनदा सांगितलं, गडद जावं लागेल, आईचं नाव परत मिळणार नाही. महिन्यानं या म्हणाले, मामा, वर्षानं या. त्यानं हात काही मागं घेतला नाही. शेवटी मी हातमोजे घातले.

मान काढली. पंख भरत आणला. आईच्या नावाची सुरुवात माझ्याच सुईखाली गेली आणि मला पुढचं दिसेना, डोळे भरले होते. खोटं बोलून पिसारा पूर्ण करता आला असता. आईनं त्याचं नाव मनापासून पुसून टाकलं, असंच समजत तो घरी गेला असता आणि तसंच समजत मेलाही असता.

"मामा," मी म्हणाले, "आई मधेच म्हणाली होती ऱ्हाऊ दे म्हणून. दोनदा म्हणाली. मीच थांबले नाही."

 वर कुणीतरी दुकानाचं शटर उघडत होतं, त्याचा खडखडाट खाली येत राहिला. मला वाटलं, आता हा उठून माझ्या थोबाडीत मारील. मारली असती तर बरं झालं असतं.

"तवा कुठवर आलं हुतं?" त्यानं विचारलं.

"इथवरच. शेवटची दोन अक्षरं राहिली होती."

त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. पंखापुढं आईच्या नावाची तेवढीच दोन अक्षरं उघडी होती.

"मंग माजंबी हितंच थांबव," तो म्हणाला.

मी मशीन बंद केलं. हात पुसला, मलम लावलं, प्लास्टिक गुंडाळलं. त्यानं बाही खाली ओढली आणि कठडा धरून वर गेला. बाबांनी शिकवल्यापासून अर्धी पाटी सोडून मी पहिल्यांदाच उतरले होते. आईनं थांब म्हणून सांगितलं, त्या गोष्टीला तेव्हा पाच महिने झाले होते.