मेलेली बाहुली

वडशाला नाटक पाहून परतताना बैलगाडी उलटली आणि बाई, म्हणजे माझी थोरली बहीण, तिच्याखाली सापडली. डोक्याची जखम भरली, पण पुढं उजवा डोळा लालबुंद होऊन बाहेर आला. ती म्हणू लागली, "डोक्यात कोणी ढेकीनं धान कांडून राह्यलं."

मी तेव्हा तिच्या सासरी तिचं तान्हं सांभाळायला राहिले होते. तिच्या सासूला सगळ्या गावाच्या आधी सगळं कळायचं. तिनं बाईच्या तोंडापुढं पेटती चिमणी धरली. डाव्या डोळ्यातली बाहुली बारीक झाली, उजवी मोठीच्या मोठी राहिली.

"बाहुली मेली हिची," सासूनं जाहीर केलं. "मेलेल्या बाहुलीनं लेकराले पाहू नये." अंगावर पिणारं पोर ओढून तिनं माझ्या मांडीवर टाकलं. त्या म्हातारीची चीड मला अजून येते.

वडील बाईला नागपूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं मिटलेल्या पापणीवर नळी ठेवून वडिलांनाही आवाज ऐकवला. परत आल्यावर वडील सासूसमोर हात जोडून बसले. "डोळ्यामागं मोठी नस फाटली, विहीणबाई. तिचं रगत जोरानं बाजूच्या शिरेत घुसते, तोच आवाज मी ऐकला. बाहुली आवळणारी नस दबली, म्हणून ते मोठी राह्यते. मेली नाई."

"मेली नाई तं हालत काऊन नाई?"

वडिलांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हातारी सूप घेऊन उठून गेली. मानेतली नस बांधायचं ऑपरेशन होतं, पण त्यात जीवही जाऊ शकतो म्हटल्यावर आमची कोणाची छाती झाली नाही.

बाई मागच्या खोलीत राहू लागली. पोर रडलं की तिचं लुगडं दुधानं भिजायचं. मी त्याला गाईचं दूध पाजायचे आणि रडायचे. भाऊजी सगळं पाहायचे, आईपुढं ब्र काढायचे नाहीत.

पोर चालायला लागलं. एकदा आंगणात बाई भिंतीशी बसली होती, मी धान पाखडत होते. ते धडपडत आलं, माझा पदर ओढून म्हणालं, "माय."

मी बाईकडे पाहिलं. तिनं उजवा डोळा पदरानं झाकून घेतला होता.

"वाट पाहून राह्यला तो," ती म्हणाली. "ओ दे त्याले."