गिअरबॉक्स

आईच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तिला बसची पायरी चढता येईना. मुधोळला, तिच्या माहेरी जाणं बंद झालं. म्हणून इचोड्याच्या शाळेत मास्तर असलेल्या माझ्या वडिलांनी सरकारी लिलावातली जुनी मोटार घेतली. दोन वर्षं दर रविवारी ते ट्रकच्या गॅरेजांमधून, भंगारातून एकेक सुटा भाग शोधून आणत. इंजिन सुरू झालं, पण गिअरबॉक्स मोडलेला होता आणि नवा घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं.

शेवटी निर्मल गावच्या भंगारात एक सापडला. तो पोत्यात गुंडाळून, बसमध्ये पायांशी ठेवून वडिलांनी घरी आणला. गावातल्या मेकॅनिकने तो उघडून आत बघितलं.

"गुरुजी, याचे दात गेले. शिवाय हा दुसऱ्या गाडीचा हाये."

"घासून बसवता येईल का?"

मेकॅनिकने नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी आई म्हणाली, "काऊन एवढा जीव काढून राह्यले? मी जाईन बसनं."

पण बसच्या पायरीचं त्या दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी इंजिन सुरू केलं. आई भिंतीला धरत अंगणात आली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. गाडी जागच्या जागी थरथरत होती. पेट्रोल संपेपर्यंत दोघं तशीच समोर बघत बसली. त्यानंतर आईनं मुधोळचं नाव काढलं नाही.