मोटरवर फिरणारी काठी

तो मासे धरायच्या गळाच्या काठ्या बनवायचा. अर्धांगवायूने त्याचा डावा हात अधू झाला, तेव्हापासून काठीवर गळाची दोरी ओवायच्या कड्या बांधताना बायको शेजारी बसून काठी फिरवायची आणि तो उजव्या हाताने दोरा गुंडाळायचा. पुढे तिचाच खांदा आखडला. मग दोघं काठी फिरवणारं यंत्र बघायला दुकानात गेले. बटण दाबताच ते भरधाव सुटलं.

"हे दोऱ्याचा पार गुंता करेल हो," ती म्हणाली.

तिच्या शिलाई मशीनची जुनी मोटर माळ्यावर पडून होती. तिने ती फळीवर बसवली, पट्टा काठीला जोडला आणि पेडल त्याच्या पायाखाली सरकवलं.

"चप्पल काढा. बाळाला थोपटतात ना, तसा अलगद पाय टेकवा."

काठी हळूच फिरली. दोऱ्याचे वेढे एकाला एक बिलगून बसत गेले.

"सुटलीस बाई माझ्या तावडीतून!" तो हसला.

"इतक्यात कुठली सुटतेय!" म्हणत ती रोजच्या स्टुलावर बसली.

शेवटची कडी बांधून झाल्यावर त्याने कौतुकाने वळून पाहिलं. ती भिंतीला टेकून गाढ झोपली होती. पुढची काठी पट्ट्याला जोडायला तिला न उठवता त्याने ती तशीच बाजूला ठेवली.